सलाईनची दुसरी बाटली

बोंडअळीतून वाचलेला कापूस वेचताना माझ्या धाकट्या जावेला दम लागायचा. पाय सुजले. आमच्याकडे माणूस थकलं की सलाईन लावतात. बाटली टांगल्याशिवाय डॉक्टरने काही केलं असं कोणी मानत नाही.

गावातल्या डॉक्टरने एक लावली. दुसरीला तो तयार नव्हता.

मी म्हणाले, "बाई गळून चालली अन् तुमी पाहून राहिले? लावा."

दुसरी अर्धी संपली आणि जावेची छाती घरघरायला लागली. तिला आडवं पडवेना. जीप करून अमरावतीला नेलं. वाटभर ती माझा हात धरून बसली.

मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने विचारलं, "सलाईन लावलं होतं का?"

मी "नाही" म्हणाले. हो म्हटलं तर इथे लावणार नाहीत, असं मला वाटलं. नर्सला सांगून मी बाटली मागवलीही होती. ती स्टँडवर लटकत होती, फक्त नळी जोडायची होती.

तेवढ्यात डॉक्टरणीने सोनोग्राफीचं लहान मशीन खाटेजवळ आणलं आणि जावेच्या छातीला थंड जेल लावलं.

जाऊ धापा टाकत मला म्हणाली, "बाई, हे तं पोटुशीचं मशीन. सांगा या डॉक्टरीणबाईले, माहे नातू शाळेत जातात."

डॉक्टरीण पडद्याकडे बघत होती. काळ्यावर पांढऱ्या उभ्या रेघा होत्या.

"हे फुप्फुस. या रेघा म्हणजे आत पाणी भरलंय. आणि हे हृदय. बघा, नीट आकसत नाही."

तिच्या पाठीमागे नर्सने सलाईनची नळी हातात घेतली होती.

मी म्हणाले, "थांबा. गावात दीड बाटली झाली आहे. दुसरी मीच लावाले लावली."

डॉक्टरणीने फक्त केव्हा ते विचारलं आणि बाटली काढायला लावली. ऑक्सिजन लावला, लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं, लघवीसाठी नळी घालून पिशवी लावली.

मग मी खाटेखालच्या लघवीच्या पिशवीकडे बघत बसले. जन्मात कोणाचं मूत इतकं लक्ष देऊन पाहिलं नव्हतं. आधी तळ ओला झाला. बऱ्याच वेळाने पाव पिशवी भरली. घरघर कमी झाली.

"बाई, पाणी द्या," जाऊ म्हणाली.

घोटभरच द्यायचं असं डॉक्टरणीने सांगितलं होतं. मी घोटभर दिलं. तिने पेला ओढला. मी सोडला नाही.