डीफॉल्ट : नाही

आमच्या विजय नगरच्या ऑफिसातले टीम लीड जुन्या दरबारी घराण्यातले. पणजोबा दरबारात होते, हे पहिल्या भेटीतच सांगून टाकणारे. ‘माहीत नाही’ हे शब्द त्या घराण्यात कुणी उच्चारले नसावेत. तसे ते इंदुरातच कमी ऐकू येतात. कृष्णपुऱ्यात सियागंजचा रस्ता विचारा, ज्याला ठाऊक नाही तोही हात करून कुठेतरी पाठवतोच.

एका दवाखान्यासाठी आम्ही रुग्णांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर करत होतो. टेबल बनवताना कॉलमला डीफॉल्ट, म्हणजे आधीच ठरवलेलं उत्तर, देता येतो. कुणी काही भरलं नाही, तर तो आपोआप पडतो. ‘अ‍ॅलर्जी’चा कॉलम मी मुद्दाम रिकामा सोडला होता. रिकामा दिसला, तर निदान कुणी विचारेल तरी.

“खाली-खाली अच्छा नाही दिसत यार,” लीड म्हणाले. “‘नहीं’ टाकून द्या. ज्यादातर लोकांना नसतेच. चलेगा भिया!”

“सर, ‘नाही’ वेगळं आणि ‘माहीत नाही’ वेगळं.”

“तुम्ही पुण्याचे लोक शब्दावर फार अटकता.”

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. इथे शहाणा आणायचा कुठून?

काही महिन्यांनी आई तापानं फणफणली. मी ऑफिसात होतो, म्हणून शेजाऱ्यांनी तिला दवाखान्यात नेलं. नेमक्या त्याच. आईला डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन चालत नाही. मागे एकदा घसा सुजून ती मरता मरता वाचली होती. मी धावत पोचलो, तर नर्स तेच इंजेक्शन भरत होती.

“इन्हें नहीं चलता!” मी ओरडलो.

“पर सिस्टम में तो अ‍ॅलर्जी ‘नहीं’ लिखा है, भैया.”

आईला कुणी विचारलंच नव्हतं. कशाला विचारतील? उत्तर आधीच तयार होतं. माझ्या डोक्यात फक्त ते ‘चलेगा भिया’ घुमत होतं.

दुसऱ्या दिवशी लीडना सगळं सुनावलं. ते म्हणाले, “टेन्शन मत लो, आजच ठीक करतो.” आणि केलंही. डीफॉल्ट बदलून ‘हाँ’ करून टाकला. आता दवाखान्यात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला अ‍ॅलर्जी आहे, आणि नर्सेसनी त्या कॉलमकडे बघणंच सोडलंय.

घरी आईला हे सांगितलं. ती अंथरुणातच उठून बसली.

“अरे, म्हणजे आताही विचारणार नाहीतच ना?”