करंजाच्या धक्क्यावरचे साठ बिघाड

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी माझा प्रोजेक्ट मच्छीमार बोटींच्या इंजिनांवर होता. नवा बिघाड सांगितला की कॉम्प्युटरने जुन्या बिघाडांतून त्याच्याशी सर्वांत मिळताजुळता शोधायचा आणि तेव्हा काय दुरुस्ती केली ते दाखवायचं. जुने बिघाड मला करंजा बंदरातल्या एका मेकॅनिककाकांनी सांगितले. इंग्लिश मीडियममुळे माझं मराठी अडखळायचं. मी प्रत्येक बिघाडासाठी कागदावरून तेच वीस प्रश्न वाचायचे आणि मान खाली घालून उत्तरं लिहायचे. पनवेलहून कित्येक रविवार एसटीने गेले, तेव्हा साठ बिघाड जमले.

सबमिशनला आठवडा उरला होता. सरांनी बजावलं, "खऱ्या बोटीवर चालवून दाखव. नाहीतर सही करणार नाही." सही नाही म्हणजे वर्ष गेलं.

त्या रविवारी एक बोट ओढून आणली होती. इंजिन समुद्रात बंद पडलेलं. मी लॅपटॉपमध्ये सगळं भरलं. उत्तर आलं, डिझेलचा फिल्टर तुंबलाय. काकांनी उघडला, तर स्वच्छ.

"बाय, यापरीस माझी बायको बरं सांगंल!" बोटीचा तांडेल हसला.

मला रडू येत होतं. काकांनी ते पाहिलं नाही असं दाखवलं आणि शेजारी क्रेटवर बसले. लॅपटॉपकडे पाहत म्हणाले, "यानं कंची बोट काढली?"

मी पाहिलं. तीच कंपनी, तेवढीच लांबी, तितकंच जुनं इंजिन. मिळतंजुळतं ठरवताना वीसही प्रश्नांना मी सारखंच महत्त्व दिलं होतं.

"मी बोट कंची ते इचारतच नाय. पयलं बगतो, इंजिन तापलं का? बाजूच्या नळीतून पानी पडत होतं का?"

माझ्या यादीत तो प्रश्न सतरावा होता. मग मी एकेक प्रश्न वाचत गेले आणि ते सांगत गेले, याला जास्त, याला थोडं. बोटीच्या लांबीवर म्हणाले, "ही कशाला? लगीन जमवायचंय तिचं?" त्या धक्क्यावर मी पहिल्यांदाच मोठ्याने हसले.

त्याप्रमाणे प्रत्येक प्रश्नाच्या महत्त्वाचे आकडे बदलून पुन्हा शोधलं. आता वर आली एक लहान बोट, वेगळ्याच कंपनीच्या इंजिनाची. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेणारी तिची जाळी तुंबली होती. काकांनी या बोटीची जाळी उघडली. आत प्लास्टिकच्या पिशवीचा लगदा.

त्याचा व्हिडिओ पाहून सरांनी सही केली. रिपोर्टमधल्या आभाराच्या पानावर मी काकांना सरांच्याही वर ठेवलं होतं. पुढच्या रविवारी ते पान घेऊन गेले आणि त्याचं मराठी करत करत त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"बरं झालं आलीस," ते म्हणाले. "काल एक इंजिन आलंय, असला आवाज मी कदी ऐकला नाय. लिवून घे."

वही आणली नव्हती. मी ते त्याच पानाच्या मागे लिहून घेतलं.