माझा फोटो की माझं लिखाण?

काय मंडळी, चहा झाला का? मग माझी आजची गंमत वाचा.

मी इथं लिहिते त्याचा ब्लॉग करायचा, म्हणून माझी नात रेवा आणि मी दुपारी कागद कापत बसलो. कॉम्प्युटरवर चढवायच्या आधी कागदावर नमुने करून बघायचे म्हणे. चौथीत शाळा सोडलेल्या बाईला हे जमलं बरं का.

माझ्या नमुन्यात वर माझा मोठा, पैठणीतला फोटो, खाली लिखाण. रेवाच्या नमुन्यात लिखाण तेच, पण फोटोच नाही.

"मी मेले काय गं?"

"आजी, भांडू नको. कोणाला तरी दाखवून बघू."

तेवढ्यात समोरची वैशाली विरजण मागायला आली. तिला आधी माझा कागद दिला. "काकू, साडी एकदम जबरदस्त हो! सराफा बाजाराजवळून घेतली का?" लिखाणाची एक ओळ वाचली नाही.

मग रेवाचा दिला. हळदीकुंकवात वाटलेले प्लास्टिकचे डबे कोणी वापरत नाही, असं मी लिहिलं होतं. वैशाली शेवटपर्यंत वाचत गेली आणि तिचं तोंड उतरलं.

"काकू, हे माझ्या डब्यांबद्दल आहे ना?"

"सगळ्यांच्याच," मी म्हटलं. ती विरजण न घेताच गेली.

रेवा घाबरली. "आजी, अब क्या?"

मला मात्र नवल वाटतंय. फोटो काढून टाकला तर बाई वाचायला लागली, असं का होत असेल? आणि फोटो काढून टाकायला माझं मन होत नाहीये.

लिहिणारीचं तोंड दिसलं नाही तर तुम्ही वाचाल का? वैशाली सोडून सगळ्यांनी सांगा. तिचं मत मला कळलंय.