आवाजाची राखण

त्या इमारतीत त्याला खऱ्या नावाने कोणी ओळखत नव्हतं. जिन्यातली पोरं त्याला 'बंदकर' म्हणायची, आणि पोरांचं ऐकून मोठी माणसंही तेच म्हणायला लागली होती. आभाळ जरा काळवंडलं, लांब कुठे गडगडलं, नाहीतर दिवा नुसता एकदा लुकलुकला, की तळमजल्यावरच्या त्याच्या खोलीतून हाक यायची, "बंद कर, आधी बंद कर!" हाक असायची बायकोला, पण वरच्या मजल्यावरच्या बायकाही हातातली इस्त्री ठेवून प्लग काढायच्या. मागाहून पदराआड हसायच्या, पण आधी प्लग काढायच्या.

हसणाऱ्यांचं काय जातं? वीज कंपनीच्या तक्रार खोलीत त्याची उभी हयात गेली होती. जाळीची खिडकी, अलीकडे तो, पलीकडे लोक. लोक नुसती तक्रार घेऊन येत नसत, जळालेली वस्तूच उचलून आणत. रेडिओ, टीव्ही, कुणाचा ॲम्प्लिफायर. बाकावर ठेवत आणि घरातलं माणूस दवाखान्यात आणल्यासारखे शेजारी बसून राहत. खोलीला कायम जळक्या व्हार्निशचा वास. त्याच्या शर्टालाही तो यायचा, आणि धुवून जायचा नाही. हे तिला, म्हणजे त्याच्या बायकोला, चांगलं माहीत होतं, कारण शर्ट धुवायची ती.

ती प्राथमिक शाळेत शिकवायची आणि गायची. गायिका वगैरे नव्हे हं. शाळेच्या कार्यक्रमात, माहेरच्या अंगणात, भांडी घासताना. पण ज्यांनी ऐकलं ते विसरत नसत, असं तिची थोरली बहीण सांगायची. थोरलीला तिच्याबद्दल बोलायला आवडायचं, म्हणून थोडं मीठमसाला लावून सांगत असेलही.

लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. त्याने कुठूनतरी एक जुना स्पूलचा टेपरेकॉर्डर मिळवला, चांगला जाडजूड, दोन बशांएवढी चक्रं असलेला. मित्राकडून ॲम्प्लिफायर मागून आणला. एका संध्याकाळी खिडक्या लावून घेतल्या, तिला खुर्चीत बसवलं आणि गा म्हणाला. तिने आईकडून शिकलेलं एक गाणं म्हटलं. लाजत सुरुवात केली, मग डोळे मिटून पूर्ण म्हटलं. गाणं संपलं आणि ती काही बोलणार तेवढ्यात खोलीतला दिवा अचानक पांढराफटक झाला, भर दुपारी असतो तसा उजेड पडला. गल्लीतली न्यूट्रलची तार तुटली होती, आणि अशी तार तुटली की घरात जवळजवळ दुप्पट वीज घुसते. त्याने झेप घेऊन टेपरेकॉर्डरचा प्लग उपटला. शेजारचा ॲम्प्लिफायर तोवर धुमसायला लागला होता. दिवा फुटला आणि काचा तिच्या केसांत पडल्या.

टेपरेकॉर्डर वाचला, रीळ वाचलं. केसांतल्या काचा वेचताना तो सारखा तेच म्हणत होता, वाचलं, वाचलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि हा तर फुंकायलाच बसला. रीळ परत लावून ऐकू म्हणून ती दोन-तीनदा म्हणाली. आधी स्टॅबिलायझर घेऊ, मग, असं तो म्हणाला. तिलाही त्यात वावगं काही वाटलं नाही. आवाज कुठे पळून चालला होता? गळ्यातच तर होता.

मग गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ निघून गेली, जीव वाचला, पण आवाजाची एक नस दुखावली गेली. शुद्धीवर आल्यावर तिने पाणी मागितलं तेव्हा कोणी दुसरंच बोललं असं वाटून तिने मान वळवून पाहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आला तो एवढाच, घोगरा, वारा भरलेला. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचेना, तेव्हा शाळेने तिला वाचनालयात बसवलं. तिथे बोलायची गरज नव्हती, उलट बोलायचं नाही अशी पाटीच होती. सहकारी म्हणाले, किती छान सोय झाली. ती हसली, आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली.

त्या दिवसापासून कपाटातल्या रिळाची किंमत बदलली. आधी ते बिघडलं असतं तर पुन्हा गाऊन भरता आलं असतं. आता जगात तेवढंच होतं. तिला वाटायचं, म्हणूनच ते आता ऐकलं पाहिजे. त्याला वाटायचं, म्हणूनच ते आता मशीनवर चढवता कामा नये. दोघंही आपापल्या जागी बरोबर होती, आणि अशी भांडणं कधी मिटत नाहीत.

तसा तो वाईट माणूस नव्हता. मारकुटा नाही, पिणारा नाही, तिच्या औषधाची वेळ कधी चुकवली नाही. फक्त 'ऐकवतो' म्हणायचा आणि ऐकवायचा नाही. त्याच्याकडे दरवेळी कारण असायचं, आणि वैताग असा की कारण खरं असायचं. स्टॅबिलायझर आला, तर रिकाम्या मशीनच्या स्पीकरमधून बारीक गुणगुण यायला लागली. ऐकतानाच तिच्या आवाजाची प्रत काढून ठेवायची, तर गुणगुणीसकट कशी काढायची? ती घालवायला त्याने मीटरपासून खोलीपर्यंत वेगळी तार ओढली. मग इमारतीत लिफ्ट बसली, आणि लिफ्ट सुरू झाली की स्पीकर टक् करायचा. त्यावर त्याने मेजाखाली मावेल एवढा लोखंडी ट्रान्सफॉर्मर आणला, पोत्यात घालून, दोन हमाल लावून. मग सर्ज प्रोटेक्टर. विजेचा झटका आलाच तर तो स्वतःवर घ्यायचा आणि जमिनीत सोडून द्यायचा, हे त्याचं काम. पण जमिनीत सोडायला अर्थिंग धड हवं, म्हणून इमारतीमागे खड्डा खणून नळी पुरली, मीठ-कोळसा भरला. उन्हाळ्यात खड्डा सुकला की अर्थिंग मंदावतं, तेव्हा हा गृहस्थ रोज सकाळी बादली घेऊन खड्ड्याला पाणी घालायला जायचा. तिच्या कुंडीतलं जास्वंद दोन हातांवर सुकून चाललं होतं, त्याकडे त्याचं लक्ष नसायचं.

एकदा तिने मनाचा हिय्या केला. शाळा लवकर सुटली होती, तो कामावर होता, बाहेर लख्ख ऊन. तिने मशीनवरचं कापड काढलं. रीळ चढवलं, पट्टी ओवली, सगळं तिला माहीत होतं, त्याला सांगताना हजारदा ऐकलं होतं. प्लग हातात घेतला. तेवढ्यात लिफ्ट सुरू झाली आणि खोलीतला दिवा किंचित मिणमिणला. बस, एवढंच. जळालं तर? आपल्या हाताने जळालं तर? तिने रीळ उतरवलं, कापड घातलं, कडा नीट ओढल्या आणि चहा टाकला. तो आल्यावर त्याच्यापुढे कप ठेवला. आणखी वाईट म्हणजे, त्यानंतर तिने आग्रह करणंही कमी केलं.

कारण तिला थोरली होती. फोनवर इकडचं तिकडचं झालं की ती विचारायची, "ताई, माझा आवाज कसा होता गं?" आणि थोरली कंटाळा न करता सांगायची. वरच्या सुराला जाताना तू जरा घाबरायचीस, पण एकदा गेलीस की खाली यायलाच तयार नसायचीस. सर्दी झाली की उलट जास्त गोड लागायचा. आई हातातलं काम टाकून दाराशी येऊन उभी राहायची आणि तुला कळू नये म्हणून चौकट पुसल्यासारखं करायची. स्वतःचा आवाज स्वतःला बाहेरून कधी ऐकू येत नाही. तिने तो असा थोरलीच्या तोंडून ऐकला.

थोरली गेली. आजारी होती, गेली. दिवस उरकून ती घरी परतली, चपला काढल्या आणि पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "आता मला ऐकायचंय. या महिन्यात. जळालं तर जळू दे." घोगऱ्या आवाजात म्हणाली, पण त्याने नाही म्हटलं नाही. एव्हाना तो निवृत्त झाला होता, तोही थकला होता. शिवाय आता खरंच कारण उरलं नव्हतं. लाइन तयार होती.

पुढचे दिवस त्याने अर्थिंग तपासलं, स्क्रू आवळले, मीटर लावून व्होल्टेज बघत बसला. लिफ्ट दुरुस्तीला बंद राहणार होती ती सकाळ त्याने निवडली. आभाळ निरभ्र होतं. मीटरचा काटा जागचा हलत नव्हता. सर्ज प्रोटेक्टरवर हिरवा दिवा होता. "बघ," तो तिला म्हणाला, "अशी लाइन मोठमोठ्या स्टुडिओत नसते." आयुष्यात पहिल्यांदाच तो लाइनबद्दल समाधानाने बोलला. ती त्याच खुर्चीत बसली होती. हात मांडीवर घट्ट धरले होते. त्याने बटण दाबलं.

आत मोटर फिरल्याचा आवाज आला. चक्रं हलली नाहीत.

झाकण उघडलं तर आतल्या रबरी पट्ट्याचं डांबर झालं होतं, काळं, बोटांना चिकटणारं. त्याने मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिक भला माणूस होता, घाईत असूनही थांबला. पट्टा बदलला, सुकलेले कपॅसिटर बदलले, सगळं पुसलं. मग रीळ चढवलं. चक्रं फिरली. स्पीकरमधून आधी एक चिरका आवाज आला, दारं करकरतात तसा, मग नुसती खरखर. ती पुढे वाकली. खरखरीच्या मागे काही आहे का, हे ती जिवाचा कान करून ऐकत होती. आणि मशीनमधून तपकिरी भुकटी गळायला लागली. जुन्या रिळाचे वेढे एकमेकांना चिकटले होते. वरचा वेढा सुटताना आवाज धरून ठेवणारा थरच खरवडून निघत होता. फिरून आलेली पट्टी काचेसारखी आरपार दिसत होती. मेकॅनिकने मशीन बंद केलं.

नवरा मात्र मानायला तयार नव्हता. झटका आला असेल कधीतरी, मी घरात नसताना, असं म्हणत त्याने ट्रान्सफॉर्मर दाखवला, प्रोटेक्टर दाखवला, मेकॅनिकला धरून मागच्या खड्ड्यापर्यंत नेऊन आणलं. मेकॅनिकने सगळं पाहिलं आणि हात पुसत म्हणाला, "झटका-बिटका काही नाही हो. पडून पडून गेलं हे. पूर्वी कधीतरी लावलं असतंत तर वाजलं असतं." पूर्वी म्हणजे कधी, हे तिने विचारलं नाही. ते लख्ख ऊन तिला आठवलं आणि आपलाच हात तोडून टाकावासा वाटला. मेकॅनिकने पैसे घ्यायला नकार दिला, आणि ते तिला जास्तच लागलं. मयताच्या घरून निघावं तसा तो हळू दार ओढून गेला.

मेजावर भुकटी पडली होती. ती पुसावी की न पुसावी, हे तिला कळत नव्हतं. त्याच्यावर ओरडावं असं तिच्या मनात आलं, पण तिला ओरडता येत नव्हतं, आणि तो आधीच इतका वाळून गेल्यासारखा दिसत होता की तिला त्याची कीवही आली. मग तिला एक गोष्ट सुचली, आणि सुचली तशी थोडी धुगधुगी वाटली. थोरली गेली होती. आई कधीच गेली होती. पण हा होता की. त्या संध्याकाळी समोर बसून त्याने सगळं गाणं ऐकलं होतं. त्याआधीही वर्षभर रोज ऐकलं होतं.

"अहो," ती म्हणाली, "माझा आवाज कसा होता?"

त्याने मान वर केली. प्रश्न कळायला त्याला वेळ लागला.

"चांगला होता," तो म्हणाला.

ती थांबली. पुढचा शब्द शोधत असेल म्हणून तिने त्याला वेळ दिला. तो शोधत नव्हता.

"चांगला म्हणजे कसा? काहीतरी सांगा ना."

तो आठवायचा प्रयत्न करत होता, हे तिला दिसत होतं. कपाळावर आठ्या आल्या, ओठ हलले. मग तो उघड्या पडलेल्या मशीनकडे बघत राहिला, आणि शेवटी लहान मुलासारख्या गोंधळलेल्या चेहऱ्याने तिच्याकडे वळला.

"अगं, त्यात होता ना," तो म्हणाला. "म्हणून मी लक्षात नाही ठेवला."