उपाशी गोधडी

ऐन पौषात पाऊस लागलाय. धरणाच्या काठी उभ्या असलेल्या या भाड्याच्या कॅरॅव्हॅनचा पत्रा सकाळपासून तडतडतोय. सहल मुलीनं ठरवली होती. "आई, दोघीच राहू मस्त," म्हणाली होती. ऐनवेळी तिची रजा रद्द झाली. मग मीही हट्टानं एकटीच आले.

आल्यापासून तिच्यासाठी गोधडी शिवतेय. आत माझी जुनी सुती पातळं, वर तिच्या फ्रॉकांचे तुकडे. या घराला चाकं आहेत, पण ते जागचं हलत नाही. हलते ती फक्त सुई. बोलायला कुणी नसलं की माणूस टाके किती बारीक घालतं, ते इथं आल्यावर कळलं.

दुपारी इथल्या स्वयंपाकीणबाई, तुळसाबाई, भिजत जेवण घेऊन आल्या.

"ताई, दोन ताटं सांगितलेली ना? लेक कुठाय?"

"नाही आली."

"राहू द्या मग. येईल पाऊस उघडल्यावर."

मी दोन्ही ताटं आत घेतली.

गोधडीचा शेवटचा कोपरा तेवढा उघडा होता. तो शिवण्याआधी माझी आई आत भाकरीचा तुकडा ठेवायची. "गोधडीच उपाशी राहिली, तर दुसऱ्याला ऊब कुठून देईल?" म्हणायची. मी लेकीच्या ताटातली भाकरी मोडली, एक घास आत सरकवला आणि कोपरा शिवून टाकला.

मग गोधडी शेजारी ओढून घेतली आणि माझ्या ताटावर बसले. दोघींचं जेवण सांगितलं होतं; दोघी जेवलो.