काडेपेटी आणि भरदुपारचा अंधार

इतर माणसांचा राग दुधासारखा असतो. उतू जातो, शेगडी घाण करतो आणि खाली बसतो. आमच्या वायरमनचा राग म्हणजे इस्त्री. प्लग काढून कितीही वेळ झाला तरी हात लावायची सोय नाही. तसा माणूस मायाळू. पंखा दुरुस्त करायला बोलावलं तर जाताना बेलही वाजवून बघणार, आणि ती खरखरत असेल तर न सांगता नीट करून जाणार. पण एकदा कुणी मनातून उतरला की उतरला. परत चढायला शिडी नाही.

आणि मनातून उतरला होता तो सख्खा मेहुणा.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं लाउडस्पीकरचं दुकान. लग्न असो, मयत असो, आधी याचा आवाज येणार, "हॅलो, हॅलो, माईक चेक." म्हणून अख्खी वस्ती त्याला हॅलोमामा म्हणायची. उंच, सडपातळ, केस मानेवर रुळणारे. आवाज असा की नुसतं "दारातली गाडी काढा" म्हणाला तरी बायकांनी डोळ्यांना रुमाल लावावा.

झालं होतं ते असं. चर्चच्या हॉलमध्ये एक साखरपुडा होता, दिवे वायरमनचे आणि आवाज हॅलोमामाचा. ऐन वेळी हॅलोमामाला अॅम्प्लिफायरचा प्लग सापडेना. तेव्हा त्याने वायरीची दोन्ही उघडी टोकं तशीच सॉकेटच्या भोकांत घातली आणि निसटू नयेत म्हणून शेजारी काडेपेटीतल्या दोन काड्या खोचल्या. हे पाप घरोघरी होतं, पण वायरमनच्या लेखी त्याला क्षमा नाही. थोड्या वेळाने सॉकेटने धूर सोडला, मग स्टेजचा पडदा पेटला. माणसांना काही झालं नाही. एक पडदा, खुर्च्यांची एक चळत आणि नवऱ्यामुलाच्या आजोबांची टोपी, एवढ्यावर निभावलं. पण पुढच्या रविवारी प्रार्थनेनंतर 'हे केलं कुणी?' असा प्रश्न निघाला, तेव्हा माईक हॅलोमामाच्या हातात होता.

"आमच्या भावजींनी घाईत काड्या लावल्या असतील," तो त्या रुमाल लावायला लावणाऱ्या आवाजात म्हणाला. "माणूस आहे, चुकतो. आपण समजून घेऊ या."

वायरमन बाकावर उभा राहून बोंबलला, पण त्याच्याकडे नुसता घसा होता. समोर चार भोंगे होते. लोकांनी समजून घेतलं. त्या दिवसापासून वायरमनचं नाव काडेपेटी पडलं.

तुम्हाआम्हाला यात काही वाटणार नाही. पण वायरमनला काड्या खोचणारा म्हणणं म्हणजे स्वयंपाक्याला 'तू ताटात थुंकतोस' म्हणणं. लोक त्याला घरी बोलावेनासे झाले. रस्त्यात भेटले की खिसे चाचपून "काडेपेटी आहे का हो?" विचारायचे आणि स्वतःच हसायचे. बायको म्हणायची, "जाऊ द्या हो, लहान आहे तो." लहानाच्या मिशा पिकायला लागल्या होत्या. वायरमनला आता एकच हवं होतं. त्या माणसाने, त्याच चर्चमध्ये, त्याच लोकांसमोर, तितक्याच मोठ्याने सांगायचं की काड्या कुणी खोचल्या. नाहीतर मरेपर्यंत काडेपेटी, आणि मेल्यावर शवपेटीतली काडेपेटी.

त्याच्याकडे उरलं होतं एक चर्चचं काम. फादरांचा त्याच्यावर विश्वास होता म्हणून, किंवा तिथल्या उंच शिडीवर चढायला दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून असेल. गुड फ्रायडेला दुपारी चर्चमध्ये क्रूसाचा देखावा व्हायचा आणि त्यातला अंधार वायरमनचा असायचा. येशू क्रूसावर असताना भरदुपारी सगळ्या देशावर अंधार पडला, तो. खिडक्यांना काळं कापड, दारांना पडदे, आणि वेदीमागच्या खोलीत मेनस्विचवर वायरमनचा हात. खटका खाली ओढला की आपलाच तळहात आपल्याला दिसू नये, असा अंधार. आपल्या अंधाराचा त्याला अभिमान होता. "उजेड काय, कुणीही पाडतो," म्हणायचा.

त्या वर्षी येशूचं काम करणारे मास्तर गुडघेदुखीने घरी बसले आणि फादरांनी ते काम हॅलोमामाला दिलं.

वायरमन घरी आला तो जेवला नाही. "ज्याने मला जाळलं," तो म्हणाला, "तो आता सगळ्यांसाठी मरणार!"

"खरंच मरणार आहे का तो?" बायको पोळपाट धूत म्हणाली. "आणि तुम्हाला सांगते, त्याला ते जमायचंही नाही. अंधाराला घाबरतो. लहानपणी दिवे गेले की माझी वेणी धरून बसायचा. अजूनही दिवा लावून झोपतो, वहिनी सांगत होती."

ती हे हसत बोलून गेली. पण वायरमनचा घास घेतलेला हात ताटावरच थांबला. होय, तेवढ्यात तो जेवायला बसला होता.

दुसऱ्याच दिवशी तो फादरांकडे गेला. फादर प्रवचन लिहीत होते, म्हणजे पेन चावत होते.

"फादर, तो अंधार. किती वेळ ठेवायचा?"

"नेहमीइतका."

"नाही, मुळात तो पडला कशासाठी? ग्रहण होतं का?"

"ग्रहण कसं असेल? ते दिवस पौर्णिमेचे. पौर्णिमेला सूर्याला ग्रहण लागत नाही." फादर खुश झाले. त्यांना आपणहून कुणी काही विचारत नसे. "जुन्या संदेष्ट्यांनी सांगूनच ठेवलं होतं, दुपारी सूर्य मावळेल, एकुलता एक मुलगा गेल्यासारखा सगळा देश शोक करील. तो शोक आहे. आणि न्यायही आहे. अंधार म्हणजे देवाचा कोप."

वायरमन खुर्चीत पुढे सरकला. "असं बोला! म्हणजे अपराध्याला अंधारात धरलं."

"तिथेच तर गोम आहे. त्या अंधारात एकाही शिपायाचा केस वाकडा झाला नाही. खिळे ठोकणारे सुखरूप घरी गेले. कोप पडला तो ज्याचा काही गुन्हा नव्हता त्याच्यावर. त्याने तो स्वतःहून अंगावर घेतला."

वायरमनने बराच विचार केला. "अर्थिंग," तो म्हणाला.

"काय?"

"लाईनमध्ये बिघाड झाला की करंट अर्थिंगच्या वायरीतून जमिनीत जातो. यंत्राला हात लावणारा वाचतो. ती वायर सगळं स्वतःवर घेते."

फादरांनी चावलेलं पेन तोंडातून काढलं आणि पटकन लिहून घेतलं. वायरमनला ते आवडलं नाही.

"पण फादर, अर्थिंग आहे म्हणून बिघाड करणाऱ्याला मोकळं सोडतात का?"

"तू नक्की कुणाबद्दल बोलतोयस?"

"शिपायांबद्दल," वायरमन म्हणाला आणि उठला. देवाने काय करावं ते देव जाणे. आपण वायरमन आहोत.

बेत साधा होता. खटका खाली ओढायचा आणि वर करायचा नाही. हात क्रूसाला बांधलेले, डोळ्यांसमोर काळोख, धरायला ताईची वेणी नाही. हॅलोमामा बोंब मारील, लहान मुलासारखा रडेल, आणि उद्यापासून रस्त्यात लोक त्याला हसतील. कबुली काही मिळणार नाही, पण निदान फजिती तरी.

हॅलोमामाही कच्चा नव्हता. भावजी काहीतरी करणार याचा त्याला वास आला होता. पण त्याची शंका होती ती आवाजाबद्दल. आपलं शेवटचं वाक्य आलं की हा नेमका माईकची लाईन तोडणार! म्हणून त्याने त्या वर्षी सगळे स्पीकर बॅटरीवर घेतले आणि छातीला, काट्यांच्या मुकुटाखाली रुळणाऱ्या खोट्या दाढीत, बारीकसा माईक बसवला. "आता ओढा म्हणावं मेन," तो दुकानातल्या पोरांसमोर म्हणाला.

शुक्रवारी चर्च खच्चून भरलं होतं. बायको पहिल्या बाकावर. फादरांनी प्रवचनात अर्थिंग वापरलं, वायरमनचं नाव न घेता. 'हाही त्यातलाच' असं मनात म्हणून वायरमन वेदीमागच्या खोलीत जाऊन उभा राहिला. क्रूस खोलीच्या दारापासून हातभर अंतरावर. शिपायांनी हॅलोमामाला दोरीने बांधलं, खिळे ठोकल्याचे आवाज काढले. खरं सांगायचं तर तो वर उत्तम दिसत होता. वायरमनला त्याचाही राग आला.

त्याने खटका खाली ओढला.

असा अंधार त्या चर्चमध्ये कधी पडला नव्हता. आधी थोडं खाकरणं झालं, बाक करकरले. मग सगळं शांत. मग स्पीकरमधून श्वास ऐकू यायला लागला. आधी लांब, मग आखूड, मग भात्यासारखा. लोकांच्या अंगावर काटा आला. काय काम करतोय! वायरमन कान टवकारून बोंब कधी येते याची वाट बघत होता. देवाने मला का सोडलं, असं विचारण्याचं हॅलोमामाचं मोठं वाक्य आता यायला हवं होतं. ते आलं नाही. हॅलोमामाला वाक्य आठवत नव्हतं. त्याला आठवत होतं एवढंच, की दाराआड भावजी उभे आहेत. आणि ज्या माणसाने उभा जन्म माईक तपासण्यात घालवला, तो त्या क्षणी आपला माईक बॅटरीवर आहे हे साफ विसरला. लाईट गेली म्हणजे आवाज गेला, असं धरून तो कुजबुजला.

"भावजी."

चारही भोंगे कुजबुजले, "भावजी."

"भावजी, बास ना. लावा की. दिसत नाहीये हो काही." मग हुंदका. "काड्या मीच खोचल्या होत्या. तुम्हाला माहितीये ना. माझ्या दुकानाचं नाव गेलं असतं म्हणून तुमचं घेतलं. चुकलं माझं. आता लावा ना लाईट!"

क्रूसावरून, चार भोंग्यांतून, स्वच्छ. पाठीमागच्या बाकावरची एक म्हातारी, जिला ऐकू कमी येत होतं, भक्तिभावाने म्हणाली, "आमेन."

वायरमनने मागितलं होतं त्याहून जास्त मिळालं होतं. त्याच चर्चमध्ये, त्याच लोकांसमोर. आता खटका वर करायला हरकत नव्हती. हात खटक्यावरच होता. पण हात म्हणाला, आणखी थोडं. एवढे दिवस मी काडेपेटी होतो, तू एवढ्यात सुटतोस? रड. वर तो रडत होता, "ताई, ताई" करत होता, आणि खाली हा दात ओठांवर रोवून उभा होता, आणि खोटं कशाला सांगा, त्याला फार गोड वाटत होतं.

तेवढ्यात पहिल्या बाकावरून आवाज आला.

"अहो."

एवढंच. मोठ्याने नाही. संसार केलेल्या माणसाला त्या शब्दाचे प्रकार ठाऊक असतात. बाजारातून आणायचं विसरल्याचा 'अहो' वेगळा, पाहुणे आल्याचा वेगळा. हा 'अहो' वायरमनने आजवर ऐकला नव्हता. फादर म्हणाले होते, शिपाई सुखरूप घरी गेले. पण घरी गेल्यावर बायकोने विचारलं तेव्हा त्यांनी काय सांगितलं, ते कुठेच लिहिलेलं नाही. वायरमनने मानेवरचा घाम पुसायला हात खटक्यावरून काढला. काळोखात शेकडो माणसं बसली होती आणि खिळे ठोकणारा हातोडा आपल्याच हातात आहे असं त्याला वाटलं. त्याने घाईने खटका वर करायला हात पुढे केला आणि सवयीच्या बोटांना खटका सापडेना. चाचपडला. भिंत लागली, खिळा लागला, फादरांची छत्री लागली. आता त्यालाही तो अंधार लांबच लांब वाटायला लागला.

सापडला एकदाचा. उजेड पडला. हॅलोमामाची मान छातीवर, दाढी एका कानाला लोंबत होती. कुणीच हसलं नाही. काही बायका तर रडत होत्या. शिपाई भाले धरून नुसते बघत राहिले, म्हणून वायरमनच शिडी लावून वर चढला आणि दोऱ्या सोडायला लागला.

"भावजी," हॅलोमामा ओठ न हलवता म्हणाला, "माईक बंद होता ना?"

"चालू होता," वायरमन म्हणाला. "आवाज एकदम स्पष्ट."

वायरमनने त्याला खांद्यावर घेतलं आणि एकेक पायरी करत खाली उतरवलं. तो जड होता.

दुसऱ्या दिवसापासून बोलावणी सुरू झाली. "वायरमन, जरा येता का? पंखा बंद पडलाय." काडेपेटी नाही, चक्क वायरमन म्हणाले. सगळ्यांचेच पंखे एकदम बंद पडले होते! ज्याने ज्याने रस्त्यात खिसे चाचपले होते, त्याला त्याला तो "येतो" म्हणाला आणि ती माणसं घामाने चिंब होईपर्यंत गेला नाही. हॅलोमामाकडे मात्र सोमवारी गेला. बायको तीन दिवस बोलली नव्हती, ना याच्याशी ना भावाशी, आणि सकाळी तिने याची चप्पल त्या दुकानाच्या दिशेला तोंड करून ठेवली होती.

दुकानाचं शटर अर्ध्यावर होतं. आत भरदिवसा झाडून सगळे दिवे लावलेले. हॅलोमामा भोंग्यांच्या मध्ये बसला होता. वायरमन वाकून आत शिरला आणि स्टुलावर बसला.

"माफ केलेलं नाही," तो म्हणाला.

"बरं."

"सांगून ठेवतोय. नंतर गैरसमज नको."

"नाही, भावजी."

वायरमनने एका लुकलुकणाऱ्या ट्यूबकडे पाहिलं, सवयीने उठला, स्टार्टर फिरवून नीट बसवला आणि परत बसला. मग त्याला या गोष्टीचाही राग आला.

"चहा सांग," तो म्हणाला.

हॅलोमामाने समोरच्या टपरीवाल्याला खुणेनेच दोन बोटं दाखवली. त्याला शुक्रवारपासून मोठ्याने बोलवत नव्हतं. दोन चहा आले. वायरमनने स्वतःचा संपवला, मेहुण्यासमोरचा उचलला आणि तोही सावकाश, फुंकर घालून घालून, प्यायला.