उद्दिष्टाची ओळ

सासूबाई गेल्यावर मी पुन्हा नोकरी शोधायचं ठरवलं. पूर्वी बरीच वर्षं मी एका कारखान्यात हिशेब बघत होते. सासूबाईंच्या आजारपणात ते काम सुटलं. मुलीनं लॅपटॉपवर माझा बायोडेटा तयार केला. सगळ्यात वर उद्दिष्ट होतं: ‘प्रगतिशील संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून स्वतःचा व संस्थेचा विकास साधणे.’

मी भडकलेच. “आव्हानं घरात काय कमी झाली? आणि पन्नाशीत माझा कसला विकास?”

“अय्यो आई, सगळे हेच लिहितात. माझ्यातही हेच आहे. सुम्ने राहू दे, उगाच बदलू नको.”

“सगळे लिहितात म्हणूनच कुणी वाचत नाही. मी सांगते ते लिही.”

तिनं कुरकुरत टाइप केलं: ‘म्हैसुरातच, दहा ते पाच, हिशेबाचं काम हवं. जीएसटीचं शिकून घेतलं आहे. बंगळूरला जाणार नाही.’

देवराज मोहल्ल्यातल्या एका घाऊक कापडवाल्यानं तेवढं वाचून मला बोलावलं आणि सोमवारपासून यायला सांगितलं.

घरी आल्यावर मी जरा तोऱ्यातच मुलीला म्हटलं, “आता तुझंही असंच स्वच्छ लिही. तुला नेमकं काय हवंय?”

तिनं स्वतःचा बायोडेटा उघडला. मग तिनं जुनी ओळ पुसली, नवी लिहिली आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

‘डिझाइनचं काम हवं. शहर कुठलंही चालेल, फक्त म्हैसूर नको.’

मी दोनदा वाचलं. चूक काढायला जागाच नव्हती.